रजिस्ट्रेशनला ‘नोंदणी’ नको

प्रश्न असा आलाय की मेंदूच्या एमआरआयबद्दल मराठीत लिहायचंय, तर ‘इमेज रजिस्ट्रेशन’ला नोंदणी म्हणायचं का आणि लिनियर-नॉनलिनियरला रेषीय-अरेषीय चालेल का.

नोंदणी अजिबात नको, वाचणारा थेट तहसील कचेरीत पोचेल. इथे रजिस्ट्रेशन म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर अशा बसवायच्या की मेंदूतली तीच जागा त्याच जागेवर येईल. हा अर्थ छापखान्यातलाय, चार रंगांच्या प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या की रजिस्टर जुळलं म्हणायचं, नाहीतर फोटोतल्या बाईंची लिपस्टिक गालावर. आणि छापखान्यासाठी मराठीत आधीच अक्षरजुळणी आहे, खिळे जुळवणारा जुळारी आहे. म्हणून ‘प्रतिमाजुळणी’, किंवा नुसतं जुळणी.

रेषीय-अरेषीय चुकीचं नाही पण त्यातून कळत काहीच नाही. लिनियर म्हणतात त्यात अख्खा मेंदू सरकवायचा, फिरवायचा, लहानमोठा करायचा, तिरका ओढायचा, प्रत्येकाचे 3 आकडे म्हणजे एकूण 12, आणि तेच 12 सगळ्या बिंदूंना लागू. (गणितवाले म्हणतील सरकवणं आलं की ते लिनियर राहत नाही, अफाइन होतं, आणि त्यांचं खरंय.) मला याला ‘सरसकट जुळणी’ म्हणावंसं वाटतं, कर्जमाफीतलं सरसकट तेच हे. नॉनलिनियरमध्ये प्रत्येक जागेला आपापलं सरकणं, म्हणून ‘जागोजाग जुळणी’. एफएसएल या मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन टूल्स आहेत फ्लर्ट (FLIRT) आणि फ्निर्ट (FNIRT), हसू नका, त्यातला एल लिनियरचा आणि एन नॉनलिनियरचा.

शब्द असे घेतले की कुठे काय वापरायचं तेही निम्मं कळतं. एकाच माणसाचे दोन स्कॅन असतील तर कवटी तीच, मेंदू तोच, तिथे सरसकट पुरते, बहुतेकदा नुसतं सरकवणं-फिरवणं, 6 आकडे. पण वेगवेगळ्या माणसांचे मेंदू एमएनआय152 सारख्या 152 जणांच्या सरासरी साच्यावर बसवायचे तर घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या, मग आधी सरसकट आणि त्यावर जागोजाग. फक्त स्ट्रोकच्या पेशंटला जपून, कारण साच्यात नसलेला डाग बघून सॉफ्टवेअर आजूबाजूचा चांगला भाग ओढून तो डागच आक्रसून टाकू शकतं, म्हणून जुळवताना तेवढा भाग झाकून ठेवतात.

राहिला ‘वार्प’, म्हणजे जागोजाग जुळणीत मेंदूची प्रतिमा जी ठिकठिकाणी वेगवेगळी ओढली-वाकवली जाते ते. उन्हात ठेवलेली फळी बाक धरते ना, अर्थ तोच, पण ‘बाक धरलेला मेंदू’ कोण लिहिणार, तो वार्पच राहू दे.