महासागरी हंगामाआधी शिडाची नौका आणि खलाशी कसे तयार करावेत?

आधी सुकाणू, मग डोलकाठीच्या तारा. बाकी सगळं नंतर. गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला गेली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात सुकाणू बिघडलं आणि मॉरिशसमधल्या पोर्ट लुईसला थांबावं लागलं. म्हणून नौका पाण्याबाहेर काढून सुकाणूचे बेअरिंग आणि जोड हाताने हलवून बघा. तारांची टोकं भिंगाखाली तपासा; एक पदर जरी तुटलेला दिसला तरी तार बदलाच. आपत्कालीन टिलर, म्हणजे सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, नुसता कपाटात ठेवू नका, तो बसवून भर समुद्रात तासभर नौका हाकून पाहा.

खलाश्यांच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको. तारिणीचा चमू शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कॅप्टन दिलीप दोंदे यांच्या हाताखाली शिकला आणि २०१६ मध्येच नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून मॉरिशसला जाऊन आला होता. तुम्हीही आधी दोन-तीन रात्रींची सफर करा, पाळ्या लावून. झोप मोडल्यावर कोण चिडतं, कोणाला बोट लागते, हे तिथेच कळतं. पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याचा सराव अंधारातही करा, आणि त्यात कप्तानच पडला आहे असं एकदा तरी धरा.