गाण्यावर चित्र काढताना नेमकं काय काढायचं: शब्द की चाल?

एका बँडने नव्या गाण्यांसाठी तुमच्याकडे चित्रं मागितली आहेत, 'गाण्याचा फील हवा' यापलीकडे ते काही सांगत नाहीत आणि तुमच्या स्केचबुकात शब्दांतल्या वस्तूंखेरीज काही उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं संगीतकारांबरोबर कव्हरं, पोस्टर, छोटे अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ करत आलोय, म्हणून उत्तर देतो.

शब्दांतल्या वस्तू सरळ सोडून द्या. गाण्यात खिडकी आणि चित्रातही खिडकी, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं झालं. ते काम गायकाने केलेलं आहे. तुमच्या वाट्याला येतं ते शब्दांच्या खाली चाललेलं असतं: कुठलं वाद्य कधी शिरतं, कधी गप्प बसतं, आवाज कानाशी येतो की लांबून, चाल तीच असूनही दुसऱ्या अंतऱ्यात काय बदललंय.

त्यासाठी सगळे आवाज एकत्र केलेल्या तयार मिक्सवर भागवू नका. सुटे ट्रॅक मागून घ्या. गळा वेगळा, बेस (खर्जाचे सूर देणारी गिटार) वेगळा, तालवाद्यं वेगळी. एका विरहगीतावर काम करताना मी गळा म्यूट करून उरलेलं ऐकत बसलो. शब्द सगळे निरोपाचे, पण खालची गिटार जवळजवळ खेळकर होती आणि शेवटच्या अंतऱ्यात बेस पूर्ण काढलेला. बेस गेला की ऐकणाऱ्याला का ते कळत नाही, पण अधांतरी वाटायला लागतं. मग त्या मालिकेत मी निरोपाचं काहीच काढलं नाही. एक खोली, चित्रागणिक तेच सामान, फक्त शेवटच्या चित्रात जमिनीची रेघ नाही. टेबल, खुर्ची, दाराजवळच्या चपला, सगळं जागच्या जागी, पण कशावरही टेकलेलं नाही. संगीतकाराने चित्र बघून पहिला प्रश्न विचारला, 'चपला कुणाच्या?' त्यावर आमची चांगलीच जुंपली. चपला राहिल्या.

अशी भांडणं व्हायलाच हवीत. ती होत नसतील तर बँडने तुम्हाला फक्त सजावटीला बोलावलंय असं समजा.

'फील' काढून घ्यायचा तर 'तुम्हाला कुठला रंग दिसतो?' हे विचारू नका. निळा आणि जांभळा याखेरीज उत्तर मिळत नाही. चाल पहिल्यांदा कुठल्या वाद्यावर सुचली, गाण्यातून काय काढून टाकलं, अनेकदा गाऊन-वाजवून रेकॉर्ड केलेल्यांपैकी सफाईदार टेक असताना हाच का ठेवला, हे विचारा. संगीतकार यावर तासभर बोलतात. आवाजाचा पोतही विचारा. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, भरपूर असेल तर मी कडा ओल्या कागदावर सुटू देतो; माइक तोंडाशी धरून कोरडं गायलेलं असेल तर कोरडा ब्रश, कागदाचा दाणा दिसेल असा.

या विषयावर बोलताना कुणीतरी रागमाला चित्रांचा, म्हणजे एकेका रागावर काढलेल्या जुन्या लघुचित्रांचा, दाखला देतंच. चित्रं अप्रतिम आहेत, पण तुमच्या प्रश्नाला ती फारशी कामाची नाहीत. त्या चित्रकारांपुढे बहुतेकदा रागाचं वर्णन करणारे श्लोक असायचे. वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणं दिसली की ती तोडी, हे संकेताने ठरलेलं. म्हणजे तिथेही शब्दच, फक्त वेगळे. त्यापेक्षा अमूर्त चित्रं काढणाऱ्या कान्डिन्स्की या रशियन चित्रकाराकडे बघा. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शोनबर्ग या संगीतकाराच्या संगीताची मैफल ऐकून त्याने 'इम्प्रेशन ३' हे चित्र केलं. आधीच्या कोळशाच्या स्केचमध्ये पियानो आणि श्रोते ओळखू येतात. रंगवलेल्या चित्रात पियानोचा एक मोठा काळा आकार उरतो आणि बाकी जागा पिवळा रंग व्यापून टाकतो. ती स्केच आणि चित्र शेजारी ठेवून पाहा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिथे जेवढं कळतं तेवढं माझ्या सांगण्याने कळणार नाही.

आणि शक्य असेल तर रेकॉर्डिंग चालू असतानाच आत शिरा. बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'चं पेन-शाईचं कव्हर करणारा क्लाउस फोरमान त्यांचा हॅम्बुर्गपासूनचा मित्र होता, स्वतः बेस वाजवायचा, आणि अल्बम बाहेर यायच्या आधी त्याने ती गाणी ऐकली होती. त्या कव्हरला ग्रॅमी मिळालं.

चित्र हलवायचं असेल तर मात्र आधी गणित. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि लय मिनिटाला १२० ठोक्यांची असली, तर एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात. लय १०० ची असली की एका ठोक्याला १४.४ फ्रेम, म्हणजे ठोका दोन फ्रेमच्या मध्ये पडतो आणि थेट पाचव्या ठोक्याला, ७२ फ्रेमवर, हिशोब जुळतो. म्हणून प्रत्येक ठोक्यावर काही हलवायच्या भानगडीत पडू नका, मोठी हालचाल तेवढी अचूक बसवा. क्लिक (कानात ठरावीक लयीत वाजणारी टिकटिक) न लावता वाजवलेलं असेल तर लय मागेपुढे होतेच. तिथे वेव्हफॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखावर, कानाने ऐकून खुणा करण्याला पर्याय नाही. शिवाय दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी ३ मिनिटांच्या गाण्याला २,१६० चित्रं लागतात. त्यामुळे मुखडा परत येईल तिथे तीच चित्रं किरकोळ बदल करून वापरा. गाणंही तेच करत असतं. आणि अंतिम मिक्सची लांबी पक्की झाल्याशिवाय अ‍ॅनिमेशनला हात लावू नका. 'फक्त इंट्रो थोडा कापलाय' असा मेसेज मध्यरात्री येतो.

कव्हर असेल तर ते मोबाइलवर नखाएवढं करून बघा. एलपीच्या (जुन्या मोठ्या तबकडीच्या) पाकिटाला सुमारे ३१ सेंटीमीटरची बाजू मिळायची, तिथे बारीक रेघांची चैन परवडत होती. मी पहिलं रफ छोट्या आकारातच करतो.

व्यवहाराचं चार ओळींच्या मेलमध्ये का होईना, पण लिहून घ्या. किती वेळा बदल करून देणार, चित्र टी-शर्टवर छापलं तर वेगळे पैसे की नाही, मूळ चित्र कुणाकडे राहणार, नाव कुठे येणार. मित्रांचाच बँड असेल तर हा मेल आधी पाठवा आणि मग सुटे ट्रॅक मागा.