साखर तोडली तर गाठ उपाशी मरेल का?

प्रिय विद्यार्थिनी,

आत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्यापासून शीर्षकातला प्रश्न तुझ्या डोक्यात आहे. त्यावर संशोधन करण्यासाठी बायोकेमिस्ट्री सोडून बायोइन्फर्मेटिक्स (जैविक माहितीचं संगणकावर विश्लेषण) घ्यावं का, असं तू विचारतेस. सोडू नकोस. हा प्रश्न मुळात बायोकेमिस्ट्रीचाच आहे.

ऑक्सिजन असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढलेल्या चित्रात) गाठ उजळते ती याच ग्लुकोजच्या ओढीमुळे. पण साखर तोडून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, यकृत ते बनवतच राहतं. शिवाय गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावर आणि मेदाम्लांवरही भागवते. (आत्याचं जेवण मात्र स्वतःहून तोडू नका. वजन घटलं की उपचार सोसणं अवघड जातं.)

तेव्हा प्रश्न असा विचार: कुठली गाठ कशावर जगते, आणि त्यावरून रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगता येईल का? निरोगी मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेट या छोट्या मेदाम्लावर चालतात. जिवाणू ते तंतुमय अन्नापासून बनवतात. गाठीतल्या पेशी ग्लुकोजकडे वळल्या की ब्युटिरेट न जळता साठतं आणि त्यांचीच वाढ रोखू शकतं. मला हे विलक्षण वाटतं. केरास (KRAS) या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकातला बदल साधारण 40 टक्के रुग्णांत सापडतो. तो ग्लुकोजची उचल वाढवतो, आणि तो असला की सेटुक्सिमॅब हे वाढीचा संकेत अडवणारं औषध सहसा लागू पडत नाही. पसरलेल्या आजारात रक्तातलं एलडीएच (लॅक्टेट बनवणारं एन्झाइम) वाढलेलं असणं हेही चांगलं लक्षण नाही.

उपचारांतही चयापचय आहेच. 1957 मध्ये पुढे आलेलं फ्लुओरोयुरॅसिल हे औषध थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम अडवून डीएनएचा कच्चा माल तोडतं. हे औषध शरीरात मोडणारं डीपीडी एन्झाइम कमी असलेल्या रुग्णाच्या मात्र तेच औषध जिवावर बेतू शकतं. त्यासाठी आधी जनुकचाचणी करता येते.

म्हणून एमएस्सी बायोकेमिस्ट्रीतच कर. सोबत सांख्यिकी आणि आर किंवा पायथन ही संगणकभाषा शीक, म्हणजे बायोइन्फर्मेटिक्स तुझ्या हाताशी राहील. पेशीसंवर्धन, मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वजनावरून ओळखणं) आणि कार्बन-13 ग्लुकोजचा (खुणेचा जड कार्बन घातलेल्या ग्लुकोजचा) माग काढणं जिथे चालतं, अशी प्रयोगशाळा प्रकल्पासाठी शोध. पीएचडीचा निर्णय त्यानंतर घे. पेशी रविवारीही सांभाळाव्या लागतात, महिन्याभराचा प्रयोग बुरशीने वाया जातो. हे झेपतं का, ते तिथेच कळेल. रुग्णांजवळ राहणंच हवं असेल, तर क्लिनिकल ट्रायलमधल्या कामाबद्दल मला पुन्हा लिही.