मुलीचे कागद आधी परत करा, मग करिअरचं बोलू

प्रश्न : मी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. मुलगी लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे, वय 21, सरासरी 58 टक्के. डिग्री हातात आली की लगेच तिने न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, नाहीतर बँकेत लॉ ऑफिसर व्हावं, असं माझं मत. तिचा हट्ट आहे की मानवी हक्कांचा कायदा आणि संवेदनशील वैयक्तिक माहितीचं संरक्षण यातच काम करायचं. डेटाचं मला पटतं, त्यात कंपन्यांचा पैसा आहे. मानवी हक्क म्हणजे मोर्चे आणि झोळी. सध्या ती समुपदेशकाकडे जाते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत त्यांचा रिपोर्ट सापडला. तिची मानसिकता तुम्हाला कळावी म्हणून फोटो काढून जोडला आहे. मार्कशीट आणि आधारही जोडलं आहे. ती कुठे जाते ते मी फोनच्या लोकेशनवर बघतो. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नसतं. तिला तुमच्या पद्धतीने समजवा. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका.

उत्तर :

नमस्कार.

मार्कशीट वाचली. समुपदेशकाच्या कागदाचा फोटो उघडला, वरचं शीर्षक दिसलं, तिथेच बंद केला आणि मेलमधून आणि डाउनलोडमधूनही काढून टाकला. आधारची प्रतही काढून टाकली. इथे तुमचं पत्र देताना वय, वर्ष, गुण, सण असे तपशील बदलले आहेत. बँक तेवढी ठेवली, कारण तिच्यावाचून मला पुढे बोलता येणार नाही, आणि बँकवाले वडील महाराष्ट्रात काही कमी नाहीत.

58 टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मुलगी ज्या विषयात काम करू म्हणते, तो विषय कशासाठी आहे हे तुमच्या मेलनेच मला दाखवून दिलं. मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तरी तुमच्या मुलीने बंद दाराआड कुणाला तरी विश्वासाने सांगितलेलं तुम्ही एका अनोळखी बाईच्या इनबॉक्समध्ये टाकलंत. हेतू चांगला होता, हे मी मानते. पण तिला ते कळलं तर ती समुपदेशकाकडे जाणं थांबवेल. घरी बॅग उघडी ठेवणं तर नक्कीच थांबवेल.

कायद्याचं म्हणाल तर तुमच्यावर कुणी खटला भरणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 घरगुती आणि वैयक्तिक वापराला लागूच होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क कलम 23 मध्ये स्पष्ट लिहिला आहे, पण तिथलं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, वडिलांवर नाही. मात्र याच 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी लागते आणि 18 नंतर ती लागत नाही, हेही लक्षात घ्या. तिच्या वतीने संमती देण्याचा तुमचा अधिकार तीन वर्षांपूर्वी संपला.

आता बँकेकडे येते. तुम्ही केबिनमध्ये बसला आहात, एक गृहस्थ येतात आणि म्हणतात, "साहेब, माझ्या मुलीचं खातं तुमच्याकडे आहे. किती शिल्लक आहे, पैसे कुणाला जातात, जरा बघून सांगा." मुलगी सज्ञान. तुम्ही सांगितलं असतं? चहा पाजून परत पाठवलं असतं. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही हेच केलंत, कुणी शिकवावं लागलं नाही. यामागचा कायदा जुना आहे. इंग्लंडमध्ये टूर्निये नावाच्या एका खातेदाराच्या बँक मॅनेजरने त्याच्या मालकाला फोनवर सांगून टाकलं की हा बहुधा सट्टेबाजांना पैसे देतो. त्याची नोकरी गेली. त्याने भरलेल्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं की खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात, 2004 मध्ये, आणखी पुढचं सांगितलं : कागद बँकेच्या ताब्यात दिले म्हणून त्यावरचा माणसाचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, कारण तो हक्क जागेला नाही, माणसाला चिकटलेला असतो. घरातली बॅग त्याला अपवाद कशी होईल?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं : लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला. या समजुतीने फार नुकसान केलं आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. 1990 च्या दशकात मुंबईत एका सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत एक हंगामी मजूर होता. तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं. काम करण्याइतका तो धडधाकट होता, तरी त्याचं नाव यादीतून कापलं गेलं. दाद मागायची तर स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागणार, आणि त्या काळात ते नाव बाहेर आलं असतं तर नोकरीबरोबर चाळ, नातेवाईक, सगळंच गेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिलं. निकालपत्रात तो फक्त 'एमएक्स' आहे. 1997 मध्ये तो जिंकला : काम करायला समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. या माणसाने काय गुन्हा लपवला होता? काहीच नाही. पण माहिती झाकली गेली नसती तर तो न्यायालयाच्या पायरीपर्यंतही पोचला नसता. आजाराची, जातीची, मनाच्या अवस्थेची माहिती उघडी पडते तेव्हा भोगावं लागतं ते ज्याची माहिती आहे त्याला, ती वाचणाऱ्याला नाही. तुमच्या घरातही भोगणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती तुम्ही नाही.

डेटा चालेल, मानवी हक्क नको, ही तुमची वाटणी मला मान्य नाही. हे दोन विषय नाहीतच. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि डेटा संरक्षणाचं आपलं आजचं सगळं बांधकाम त्यावर उभं आहे. (त्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी 1976 च्या आणीबाणीतल्या जबलपूर खटल्याचा (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं म्हणणारा) बहुमताचा निर्णय गंभीर चुकांचा म्हणून रद्दबातल ठरवला. त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले वडील, आणि भर निकालपत्रात त्यांचं चुकलं असं लिहिणारा मुलगा. त्या घराण्याची अब्रू त्याने गेली नाही.)

तुमच्या मुलीला यात काय दिसत असेल, याचा अंदाज करते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या आपल्या नियमांत 'संवेदनशील' माहितीची यादी होती : पासवर्ड, आर्थिक तपशील, शारीरिक आणि मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक. तुम्ही फोटो काढलेला कागद याच यादीतला. युरोपच्या कायद्यात याशिवाय वंश, धर्म, राजकीय मत, कामगार संघटनेचं सदस्यत्व येतं. आपल्या यादीत ना धर्म, ना जात. न्या. श्रीकृष्ण समितीने डेटा संरक्षण कायद्याच्या 2018 च्या मसुद्यात जात आणि जमात संवेदनशील माहितीत घातली होती, आणि ते अगदी आपल्या मातीतलं शहाणपण होतं. 2023 च्या कायद्यात तो वेगळा वर्गच उरला नाही : तुमचा पिनकोड आणि तुमचा मानसोपचाराचा रिपोर्ट, दोन्ही नुसता 'वैयक्तिक डेटा'. वर, जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जातं. दंड 250 कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात काय? यावर पुढची पंधरा-वीस वर्षं न्यायालयांत भांडावं लागणार आहे, आणि भांडायला माणसं लागणार आहेत.

ही भांडणं फक्त मोठ्या कंपन्यांशी नाहीत. सोलापूरला तारेच्या कुंपणात 'सेटलमेंट' होती हे तुम्हाला ठाऊक असेल. 1871 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे इतर प्रांतांत वाढवलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा जमातींची जन्मावरून नोंद झाली, हजेरी घेतली गेली. तो कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण पोलिसांचा संशय गेला नाही. आता 2022 च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याप्रमाणे अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळाची नोंद वगैरे घेता येतात आणि त्या 75 वर्षं ठेवता येतात. निर्दोष सुटला तर नोंदी नष्ट करायच्या अशी तरतूद आहे, पण दंडाधिकारी लेखी कारण देऊन त्या ठेवायला सांगू शकतात. वारंवार संशयावरून उचलला जाणारा पोरगा कोणत्या घरातला असतो, हे सांगायला नको. ब्रिटनमध्ये 11 वर्षांच्या एका मुलाला 2001 मध्ये पकडलं, तो निर्दोष सुटला, तरी पोलिसांनी त्याचा डीएनए आणि ठसे ठेवून घेतले. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2008 मध्ये ते बेकायदा ठरवलं. असा खटला उद्या आपल्याकडे उभा राहिला तर पारध्यांच्या पालावर बसून मराठीत कैफियत लिहून घेणारा वकील लागेल. तुम्ही त्याला झोळी म्हणता. असेना का झोळी, तिच्यात असं काम असेल तर मला ती बँकेच्या ब्रीफकेसइतकीच जड वाटते.

पैशाचं खरं सांगते, कारण मुलीही याबाबतीत कधी कधी भाबड्या असतात. नुसत्या मानवी हक्कांच्या वकिलीवर पहिली काही वर्षं भाडं निघत नाही. कंपन्यांमधलं काम मात्र वाढणार आहे. 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत, त्यामुळे रुग्णालयं, विमा कंपन्या, बँका, तुमची जुनी बँकसुद्धा, आता माणसं शोधतील. दिवसा ते आणि आठवड्यातून एखादा दिवस विधी सेवा प्राधिकरणाचं काम, अशी सांगड घालता येते. दोन महिन्यांत 'डेटा प्रायव्हसी तज्ज्ञ' करून देणाऱ्या क्लासांना मात्र पैसे देऊ नका. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने निकालपत्रं मुळातून वाचली तर तिला त्यांच्याहून जास्त कळेल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची इंटर्नशिप, सनद म्हणजे वकिलीचा परवाना, वकिलीची परीक्षा, पुढे जमल्यास इंग्लंडमध्ये एसेक्सला किंवा आयर्लंडमध्ये गॉलवेला एलएलएम, ही माहिती तिच्या कॉलेजात कुणीही देईल.

आणि तुमचा बेत? डिग्री झाली की लगेच न्यायाधीशाची परीक्षा, हे आता तसं होत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. बँकेच्या लॉ ऑफिसरलाही सनद लागते. म्हणजे काही झालं तरी तिला आधी वकील व्हावं लागणारच आहे. वकिली कोणाची करायची, एवढंच ठरायचं राहिलं आहे, आणि ते ठरवणं तिचं काम.

तुम्ही मला तिला समजवायला सांगितलं आहे. मी ते करणार नाही. तिचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, आणि तो चुकीचा वाटला असता तरी चोरून वाचलेल्या कागदांच्या आधारावर मी कुणाशी बोलले नसते.

तिला कळू देऊ नका, ही तुमची अट माझ्या बाजूने मी पाळते. पण तुम्ही स्वतः सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकेशन बंद करा. फोटो तुमच्या फोनमधून आणि पाठवलेल्या मेलमधून काढा. मग तिला समोर बसवून सांगा की रिपोर्ट पाहिला, फोटो काढला, एका बाईला पाठवला. ती चिडेल. चिडू द्या, मध्ये बोलू नका, तिच्या आईलाही मध्यस्थीला घालू नका. रिपोर्टमध्ये काय आहे यावर चर्चा काढू नका. त्या विषयावर तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल.

त्यानंतर तिला करिअरबद्दल काही विचारायचं असेल तर तिने तिच्या मेलवरून मला लिहावं. मी उत्तर देईन, आणि त्याची प्रत तुम्हाला येणार नाही.