वाचकांचे प्रश्न : परवडणारे घर पुढेही परवडावे म्हणून

प्रश्न : आमची 60 घरांची सहकारी गृहनिर्माण संस्था अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी उभी राहिली, म्हणून मासिक शुल्क कित्येक वर्षे वाढवलेले नाही. आता गच्ची गळते, पंप वारंवार बंद पडतात आणि राखीव निधीत फारसे काही उरलेले नाही. शुल्कवाढीचा विषय काढला की, ‘मग हे परवडणारे घर कसले?’ असे सदस्य विचारतात. त्यांतलेच काही जण घर बाजारभावाने विकण्याची मुभाही मागत आहेत. समितीने काय करावे?
– एका संस्थेच्या सचिव

उत्तर : शुल्क कमी असणे आणि घर परवडणारे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जे शुल्क वेळीच घेतले जात नाही, ते पुढे एकरकमी वर्गणीच्या रूपाने मागावे लागते आणि ती भरण्याची ऐपत नेमकी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडेच नसते. एखादे काम 12 वर्षांनी निघणार असेल, तर त्याचा खर्च 144 मासिक हप्त्यांत विभागता येतो. निर्णय 10 वर्षे लांबवला की हाती 24 हप्ते उरतात, म्हणजे महागाई बाजूला ठेवली तरी दरमहाचा भार सहापट होतो.

तेव्हा सभेपुढे ठरावाआधी एक तक्ता ठेवावा. गच्ची, जलवाहिन्या, पंप, विद्युत वाहिन्या, जिने अशा प्रत्येक बाबीपुढे ती कोणत्या वर्षी बसवली, अभियंत्याच्या अंदाजाने तिचे किती आयुष्य उरले आहे आणि आज ती बदलण्यास किती खर्च येईल, एवढे लिहिलेले असले की शुल्काचा आकडा कोठून आला हे सदस्यांना स्वतःच पडताळता येते. तुमच्याकडे गच्चीचे काम आधी व्हायला हवे, कारण मुरलेल्या पाण्याने स्लॅबमधील लोखंड गंजून फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. (सभेत रंगकाम मात्र चटकन मंजूर होते, कारण ते सर्वांना दिसते.) निधी नसल्यामुळे या एका कामासाठी संस्थेच्या नावे कर्ज काढून, त्याची फेड कामाच्या अपेक्षित आयुष्याच्या आत बसवणे हे एकरकमी वर्गणीपेक्षा न्याय्य ठरेल. यापुढे दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर थोडी वाढ करावी आणि राखीव निधीचे खाते दैनंदिन खर्चापासून वेगळे ठेवावे.

बाजारभावाच्या मागणीबाबत माझे मत स्पष्ट आहे : घर घेताना सहकाराची सवलत आणि विकताना बाजाराचा नफा, असे दोन्ही एकाच घरावर मिळू लागले तर पहिल्या पिढीनंतर परवडणारे घर उरत नाही. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस सहकारी घरांच्या हस्तांतरणावरील किंमत-नियंत्रण उठले आणि आज ती घरे बाजारभावानेच विकली जातात. न्यूयॉर्क राज्यातील 1955 च्या मिचेल-लामा कायद्याखालील (मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी घरे देण्यासाठीचा कायदा) सहकारी संस्थांना साधारणपणे 20 वर्षांनंतर या कार्यक्रमातून बाहेर पडण्याची वाट आहे. काही संस्थांच्या सदस्यांनी मतदानाने ती स्वीकारली आणि तेथील घरे खुल्या बाजारात गेली. उरुग्वेच्या 1968 च्या गृहनिर्माण कायद्याने मान्य केलेल्या वापरहक्काच्या सहकारी संस्थांत मालकी संस्थेकडेच राहते, सदस्याला राहण्याचा हक्क मिळतो आणि जाताना त्याच्या भागाची (शेअरची) रक्कम नियमांनुसार परत दिली जाते.

तुमच्या उपविधींत हस्तांतरणाचे सूत्र लिहून ठेवावे : भरलेले भागभांडवल, ठरलेल्या निर्देशांकानुसार त्यावरील वाढ आणि समितीच्या परवानगीने केलेल्या सुधारणांचे घसारा वजा जाता मूल्य. सदस्याची बचत बुडत नाही आणि प्रतीक्षा यादीतील पुढच्या कुटुंबालाही घर आवाक्यात राहते. सूत्र बदलण्यासाठी साध्या बहुमतापेक्षा मोठे बहुमत आवश्यक ठेवावे, म्हणजे बाजार तेजीत असताना एका सभेत ते मोडले जाणार नाही.

प्रश्न : थकबाकीदारांची नावे सूचना फलकावर लावावीत का?
– एक कोषाध्यक्ष

उत्तर : माझ्या मते लावू नयेत. ज्याची नोकरी गेली आहे, तो नाव पाहून पैसे आणू शकत नाही, आणि जो मुद्दाम भरत नाही, त्याला फलकाची लाज वाटत नाही. पहिला हप्ता चुकला की त्याच महिन्यात समितीतील दोघांनी भेटून कारण विचारावे आणि परतफेडीचे हप्ते लेखी ठरवून घ्यावेत. खऱ्या अडचणीसाठी शुल्कातील लहानसा वाटा वेगळ्या साहाय्य निधीत टाकावा; तो कोणाला व किती महिने मिळेल, याचे नियम मात्र गरज उद्भवण्यापूर्वीच सभेने मंजूर करावेत. इतके करूनही हप्ते पाळले गेले नाहीत, तर कायदेशीर वसुलीस विलंब करू नये.