टीएसएच नॉर्मल आला, तरी ऑफिसात दुपारी झोप का येते?

तुम्ही विचारलंय की हायपोथायरॉइडची, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते त्याची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आता नॉर्मल आला आहे, तरी जेवणानंतर ऑफिसात डोळ्यांवर झापड येते, तर गोळी वाढवून घ्यावी का? मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून सांगते. डॉक्टरांना न विचारता गोळी अजिबात वाढवू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्पही बसू नका, झोपेचं दुसरं कारण शोधा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. सौदे उरकले की दुपारी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, करायच्या असतात. शेतकरी समोर बाकावर बसलेला, त्याला गावाकडची एसटी गाठायची घाई. पोत्यांची वजनं, दर, हमाली, तोलाई. एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि पुढच्या क्षणाला आपण कुठल्या ओळीत होतो तेच कळायचं नाही. पापण्या ओढून धरल्या तरी मिटायच्या. कुणी आळस म्हटलं की फार लागायचं. काम करायची मनापासून इच्छा असते हो, पण शरीर साथ देत नाही.

माझा टीएसएच तेव्हा 2.8 होता. साधारण 0.4 ते 4 मध्ये असला की नॉर्मल धरतात, म्हणजे थायरॉइडची बाजू ठीक होती. मग डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं. थायरॉइड कमी असताना पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, आणि महिनोन्‌महिने तसं चाललं की अंगातला लोहाचा साठा आटतो. गोळीने थायरॉइड जागेवर आलं तरी तो साठा आपोआप भरून येत नाही. माझं हिमोग्लोबिन 12.2 होतं, म्हणजे कागदावर बरं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, फक्त 9. हिमोग्लोबिन घसरायच्या आधी फेरिटिन खाली जातं, म्हणून ही तपासणी वेगळी करायला सांगावी लागते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत दुपार बरीच सुसह्य झाली. त्या सोडल्या मात्र नाहीत, साठा भरायला आणखी वेळ लागतो.

इथे एक गोष्ट नीट सांभाळा. लोह आणि थायरॉइडची गोळी एकत्र घेतली तर थायरॉइडची गोळी पोटात नीट शोषलीच जात नाही. कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या काही औषधांचंही तेच. मध्ये 4 तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे डोळे उघडायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असतं, त्यामुळे हे जड जातं. मी गोळीची बाटली उशाशी ठेवते आणि उठल्या उठल्या आधी गोळी घेते.

फेरिटिनबरोबर बी-12 आणि साखरही बघून घ्या. शाकाहारी असाल तर बी-12 नक्कीच. थायरॉइडवर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हल्ला करत असेल, तर अशा काही लोकांच्या जठरावरही तसाच परिणाम होतो आणि बी-12 शोषलं जात नाही.

आणि घरच्यांना विचारा, तुम्ही घोरता का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? थायरॉइड कमी असणाऱ्यांत हा त्रास बऱ्यापैकी आढळतो, वजन वाढलेलं असेल तर जास्तच. रात्रभर अंथरुणात असूनही झोप तुटक होते आणि तिची वसुली दिवसा होते. सकाळी उठल्यावर डोकं दुखत असेल, तोंड कोरडं पडत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. सांगलीत असाल तर मिरज जवळच आहे, तिथे छातीविकार तज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवता येईल.

गोळी मनाने वाढवू नका असं का म्हटलं, तेही सांगते. डोस जास्त झाला की छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्रीची झोप उडते, म्हणजे दिवसाची पेंग आणखी वाढते. बरीच वर्षं तसं चाललं तर हाडंही ठिसूळ होतात. डोस बदलल्यावर खरा परिणाम रक्तात दिसायला 6 ते 8 आठवडे जातात, त्याआधी घाईने केलेल्या टेस्टवर विसंबू नका.

तोवर ऑफिसात जमेल तेवढं आकडेमोडीचं काम सकाळी ठेवा. डब्यात भात कमी करा. जेवणानंतर खुर्चीत बसण्याआधी दहा मिनिटं चालून या. मी मालकांना रिपोर्ट दाखवून सगळं सांगितलं, तेव्हापासून मोठ्या पट्ट्या दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जातात. तुमच्या साहेबांशीही बोलून बघा. आणि दुचाकीवर घरी जात असाल, तर पेंग असताना गाडी काढू नका, त्या दिवशी सिटी बसने किंवा रिक्षाने जा.