बोटांच्या चिरा अंगावर काढू नकोस

बाळ,

तुझ्या हाताचा फोटो बघितला आणि तशीच लिहायला बसले. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींची टोकं जाड, कोरडी, चिरा पडलेल्या, बाकी हात मात्र बरा. फुलांच्या कामात देठाची खालची पानं आपण ह्याच चिमटीत धरून ओरबाडतो ना, दिवसभर, त्यामुळे चीक नेमका तिथेच मुरतो. माझंही अस्संच झालं होतं, बटण लावताना डोळ्यात पाणी यायचं आणि सगळे म्हणायचे नवीन आहेस, होईल हाताला सवय.

नाही होत गं. ही चिकाची अॅलर्जी असली तर उलटं असतं, आधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि एकदा का शरीराने ते ओळखलं की थोडासा चीकही पुरतो, आणि ही ओळख सहसा जन्मभर राहते.

माझ्या बाबतीत अल्स्ट्रोमेरियाचं फूल निघालं. त्यात ट्युलिपालिन ए नावाचं द्रव्य असतं, ट्युलिपच्या कांद्यातही तेच. पण हे कळायलाच दोन वर्षं गेली कारण पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणजे सोमवारी हात लावला त्याचं बुधवारी दिसणार आणि आपण बुधवारच्या फुलांना बोल लावणार. मी तेवढे दिवस शेवंतीलाच शिव्या घालत होते. अर्थात शेवंतीही काही कमी नाही, तिची अॅलर्जी असली तर वाळलेल्या भुश्याने पापण्या आणि मानसुद्धा पेटते. आणि तसं निघालं तर कॅमोमाइलवालं हर्बल क्रीम अजिबात लावू नकोस, ते शेवंतीच्याच कुळातलं.

म्हणून आता अंदाज बांधत बसू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्ट, म्हणजे नेमकी कशाची अॅलर्जी आहे ते बघायची चाचणी, करून घे. पाठीवर पट्ट्या लावतात, 2 दिवस पाठ भिजवायची नाही, मग पट्ट्या काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी परत एकदा बघतात, ती दुसरी खेप चुकवू नको, काही अॅलर्जी तेव्हाच दिसतात. तू काय काय हाताळतेस त्याची यादी घेऊन जा. घरच्या घरी पान चोळून बघायचं धाडस मात्र करायचं नाही, त्याने नवीनच अॅलर्जी लागू शकते. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब आणून चोपडू नकोस, वरून बरं दिसतं आणि चीक लागतच राहतो.

तोपर्यंत ग्लोव्ह्ज नायट्राइलचेच (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घाल. साध्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या ग्लोव्ह्जमधून ट्युलिपालिन आरपार जातं, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी रोज ग्लोव्ह्ज घालून रोज चिरा वाढवत होते. फाटला की लगेच बदल, आत गेलेला चीक घामात भिजून जास्तच छळतो.

रिपोर्ट आला की आधी मला फोन कर. तुझ्या टेबलावरून कुठली फुलं काढायची ते मालकांशी मी बोलते.

तुझी
ताई